कार्यालयातला फायटर मासा: नाशिकच्या एका सीए फर्मचं प्रकरण

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चौदा माणसांचं सीए कार्यालय आहे. दोन भागीदार, चार अकाउंटंट, आर्टिकलशिप (सीए होण्याआधीचं कार्यालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) करणारी मुलं-मुली, एक शिपाईकाका आणि सकाळी दोन तास झाडू-पोछा करायला येणाऱ्या मावशी. कार्यालय नव्या जागेत आलं तेव्हा दसऱ्याला एका अशिलाने काचेचा गोल बाऊल आणि त्यात दोन गोल्डफिश भेट दिले. बाऊल स्वागताच्या टेबलावर ठेवला गेला. दिवाळीच्या आत दोन्ही मासे मेले.

बहुतेक ठिकाणी विषय इथेच मिटतो: बाऊल कपाटावर जातो नाहीतर नवे मासे येतात. इथे तसं झालं नाही, कारण दोष मावशींवर आला. त्यांनी बाऊल भांड्यांच्या पावडरने घासला म्हणून मासे मेले, असं सगळ्यांनी धरून टाकलं. आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलीला ते पटेना. माझ्या घरी बरीच वर्षं माशांच्या टाक्या आहेत हे तिला ठाऊक होतं. तिने मला दोन गोष्टी विचारल्या: हे मासे खरंच कशाने मेले, आणि कार्यालयात मासा ठेवायचाच असेल तर नीट कसा ठेवायचा. पुढे वर्षभर जे घडलं त्याची ही नोंद आहे. कार्यालयाला विचारून लिहिली आहे आणि नावं मुद्दाम वगळली आहेत.

आधीचे मासे कशाने गेले

बाऊलमध्ये जेमतेम पाच लिटर पाणी मावत होतं. फिल्टर नव्हता. मासे आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात, विष्ठेतून आणि कुजलेल्या दाण्यांतून आणखी अमोनिया तयार होतो. नदीत किंवा मोठ्या, जुन्या टाकीत जिवाणूंच्या एका गटाकडून त्याचं नायट्राइट होतं आणि दुसऱ्या गटाकडून नायट्रेट. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सहन करतात. अमोनिया आणि नायट्राइट अजिबात नाही. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते वाळूवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर चिकटून वाढतात आणि त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाऊलमध्ये ती व्हायला जागाच नव्हती, आणि जी थोडी होत असेल ती दर दोन दिवसांनी घासली जात होती.

खाण्याचं काय, हे मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारायला सांगितलं. दाण्यांची बाटली बाऊलशेजारीच उघडी असायची. जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर एकच आलं: "मी दिवसातून एकदाच घालतो." असे एकदाच घालणारे नऊ जण निघाले. पाणी गढूळ झालं की मावशींना सांगितलं जायचं, "बाऊल साफ करा." आणि मोठ्या सरांची सूचना होती की पाणी प्यायच्या आरओ यंत्रातलं भरा, ते शुद्ध असतं. आरओच्या पाण्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. त्यामुळे असं पाणी पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेची पातळी, धरून ठेवू शकत नाही. शिवाय सगळं पाणी एकदम बदललं की माशाला दर खेपेस वेगळ्याच पाण्यात पडल्याचा धक्का बसतो.

पावडरीचा अंश राहून मासा मरायचा असता तर तो त्याच दिवशी मेला असता. इथे शेवटच्या धुण्यानंतर काही दिवस गेले होते, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडं टाकत होते आणि पाण्याला वास येत होता. ही खूण अमोनियाची आहे. पावडर वापरायला नको होती, हे खरं. पण धुवायचं कसं हे मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. आरओचं पाणी सरांनी सांगितलं होतं. दाणे नऊ जणांनी घातले होते. ठपका सगळ्यांसमोर ठेवला गेला होता, म्हणून हे निदानही सगळ्यांसमोर सांगावं असा मी आग्रह धरला. त्या मुलीने शनिवारच्या बैठकीत ते वाचून दाखवलं. मोठ्या सरांनी मावशींना बोलावून घेतलं आणि "चूक आमची होती" असं स्वतः सांगितलं.

मुळात गोल्डफिश हा बाऊलचा मासाच नाही. साधा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. इटलीत रोम शहराने २००५ मध्ये गोल बाऊलवर बंदी घातली, ती याच विचाराने. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी, अशी व्याख्या आहे. म्हणजे मासाही त्यात आला. प्राण्याला हालचाल करायला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात ठेवणं हा त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात अपराध आहे. सीए मंडळी कलमं वाचून जगतात. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा या एका कलमाने तिथे जास्त काम केलं.

आधी कार्यालय पाहिलं

"कोणता मासा आणू?" हा प्रश्न मी महिनाभर बाजूला ठेवायला लावला. घरात रात्री माणसं असतात, रविवारी असतात, दिवे गेले तर कळतं. कार्यालय आठवड्यातला बराच वेळ बंद आणि निर्मनुष्य असतं. माशाला मात्र सुट्टी नसते. म्हणून बंद कार्यालयात काय होतं ते आधी पाहायचं होतं.

पहिली अडचण विजेची निघाली. रात्री शेवटी निघणारा माणूस मुख्य स्विच पाडून जायचा. सर्व्हर तेवढा वेगळ्या लाइनवर होता. म्हणजे फिल्टर आणि हीटर रोज रात्री बारा-तेरा तास बंद राहिले असते, आणि शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत सलग. फिल्टर इतका वेळ बंद राहिला की स्पंजमधले जिवाणू प्राणवायूवाचून मरायला लागतात. सर्व्हरच्या लाइनवर जोडायला संगणक सांभाळणाऱ्या मुलाने नकार दिला आणि त्याचं बरोबर होतं. पाण्याची टाकी आणि सर्व्हर शेजारी नकोतच. शेवटी इलेक्ट्रिशियनने मुख्य स्विचच्या आधीपासून एक वेगळा, ईएलसीबी (वीजगळती झाली की प्रवाह आपोआप तोडणारा स्विच) असलेला पॉइंट काढून दिला. वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबकळती ठेवली, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडतो.

दुसरी अडचण थंडीची. डिसेंबरच्या अखेरीस जिथे टाकी ठेवायची तिथे पाण्याची बादली आणि थर्मामीटर ठेवला. नाशिकची थंडी सगळ्यांना माहीत आहे. तरी बंद खोलीतलं पाणी सकाळी १८ अंशांवर आणि दुपारी २३ वर गेलेलं पाहून मंडळींना नवल वाटलं. उष्ण प्रदेशातल्या माशाला रोजचा इतका चढउतार आजारी पाडतो.

पाण्याचं म्हणाल तर सकाळी महापालिकेचं, क्लोरीन घातलेलं, आणि उन्हाळ्यात मध्येमध्ये बोअरचं. दोन्हींचा पीएच मोजला. बोअरचं आठच्या आसपास होतं. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पीएच सातवरून आठवर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. टाकीला कोणतं पाणी आणि कधी, हे त्यामुळे आधीच ठरवून टाकलं: सकाळचं नळाचं.

जागेच्या बाबतीत मोठ्या सरांचं मत होतं की वास्तुशास्त्राप्रमाणे टाकी ईशान्येला हवी, आठ सोनेरी आणि एक काळा मासा हवा. ईशान्येचा कोपरा पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, उन्हाच्या तिरपेपासून सुरक्षित आणि एसीच्या थेट झोताबाहेर होता. तो मला अगदी पसंत पडला. नऊ माशांना मात्र मी नाही म्हटलं. ४५ सेंटिमीटर लांबीच्या टाकीत नऊ गोल्डफिश म्हणजे जुनंच दुखणं जास्त मोठं करून आणणं. सरांनी कोपरा घेतला आणि नऊचा आग्रह सोडला.

कोणता मासा

४५ बाय २५ बाय २५ सेंटिमीटरची टाकी, त्यात प्रत्यक्ष पाणी तेवीस लिटरच्या आसपास, वाळू आणि काचेसकट वजन पस्तीस किलोच्या घरात. त्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर याहून मोठी टाकी बसत नव्हती. निवड या मापातच करायची होती.

गप्पी सगळ्यांनी सुचवले. आपल्याकडे आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत आणि टाक्यांत गप्पी सोडतो, त्यामुळे हा मासा कुठेही जगतो असा समज आहे. तो काटक आहे हे खरं. पण मादी साधारण महिन्याला पिल्लं देते आणि एकदा नराशी संबंध आल्यावर पुढे कित्येक महिने नराशिवायही देत राहते. तेवीस लिटरमध्ये ही वाढ कुणी सांभाळायची? फक्त नर आणायचे हा मार्ग होता आणि तो वाईट नव्हता.

एका मुलाची इच्छा होती की मासा आपल्या मातीतला हवा. त्याने लाल पट्ट्याच्या डेनिसन बार्बचा फोटो आणला. फार देखणा मासा. पश्चिम घाटातल्या या माशांच्या गटाला २०१३ मध्ये 'सह्याद्रिया' असं नाव मिळालं आणि ते देणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. हे ऐकून तो मुलगा आणखी हट्टाला पेटला. पण हा मासा वाहत्या, थंड, स्वच्छ ओढ्यांत थव्याने राहतो, पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि हौशी बाजारासाठी पकडला गेल्यामुळे आज संकटग्रस्त आहे. त्याच्यावर प्रेम असेल तर तो टाकीत आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी तसंच सांगितलं.

झेब्रा डॅनिओ मला स्वतःला सर्वात योग्य वाटत होता. गंगेच्या खोऱ्यातला, भारतीय उपखंडाचाच मासा, जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा, वीस-बावीस अंशांतही मजेत राहणारा. नाशिकच्या थंडीत त्याला हीटर जवळजवळ लागला नसता. पण त्याला किमान सहा-सात जणांचा थवा लागतो आणि सुसाट पळायला लांबी लागते, साठ सेंटिमीटर तरी. ती लांबी नव्हती. कुणाच्या कार्यालयात असेल तर या माशाचा आधी विचार करावा.

उरला फायटर, म्हणजे बेट्टा. त्याची बाजू अशी होती की तो एकटाच ठेवायचा असतो. दोन नर एकत्र आले की मरेस्तोवर भांडतात. एकटा मासा म्हणजे टाकीवर भार कमी, आणि वेळ पडली तर झाकणाच्या बादलीत घालून कुणाच्याही घरी नेता येतो. हा मुद्दा त्या वेळी मी जरा सहज मांडला होता. पुढे एप्रिलमध्ये त्यानेच काम भागवलं. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारं एक खास इंद्रिय असतं, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन श्वास घेतो आणि पंप थोडा वेळ बंद पडला तरी गुदमरत नाही.

याच गुणामुळे त्याचे हालही होतात. दुकानांत तो प्लास्टिकच्या पेल्यात विकला जातो आणि लोक धरून चालतात की तो पेल्यातच राहतो. थायलंडमध्ये तो भातखाचरांत आणि संथ, झाडीदार पाण्यात राहतो. तिथलं पाणी उथळ असतं, पण दूरवर पसरलेलं आणि ऊबदार असतं. चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. रानातल्या फायटरची संख्या मात्र घटते आहे. फुलदाणीत मनी प्लांट लावून खाली फायटर सोडायचा, तो मुळं खाऊन जगतो, असंही सांगतात. तो अळ्या आणि किडे खाणारा मासा आहे. मुळांवर ठेवला तर उपाशी मरतो. त्याला तापमान २५ ते २७ अंश लागतं, म्हणजे नाशिकला थर्मोस्टॅटचा हीटर हवाच. पन्नास वॉटचा पुरला.

एका भागीदार मॅडमना एकट्या माशाची दया आली. एकटेपणा हा थव्याच्या माशाचा त्रास आहे, फायटरचा नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. टाकीत झाडं, एक मातीची कुंडी आडवी आणि तरंगती पानं दिली की त्याला स्वतःचा मुलूख मिळतो.

रिकाम्या टाकीचे आठवडे

जानेवारीत टाकी भरली, स्पंज फिल्टर लावला, हीटर २६ अंशांवर ठेवला आणि मासा आणला नाही. माझ्या जुन्या टाकीतला स्पंज त्यांच्या पाण्यात पिळला, म्हणजे जिवाणूंची सुरुवात झाली. रोज चिमूटभर दाणे टाकायचे, ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून. येणारे अशील विचारायचे, मासा कुठाय? शिपाईकाकांना तर रिकाम्या टाकीत खाणं टाकायची लाज वाटायची. त्या मुलीने भिंतीला एक कागद लावला आणि तपासणी किटचे आकडे त्यावर लिहायला सुरुवात केली. अमोनिया चढला, मग उतरला. नायट्राइट चढला, मग उतरला. नायट्रेट दिसू लागला. कागदावरचे आकडे वाचायची या कार्यालयाला सवयच आहे. पुढे पुढे लोक चहा घेऊन त्या कागदापाशी थांबायला लागले आणि "आज किती?" विचारायला लागले.

तपासणीचं किट माशापेक्षा कितीतरी महाग पडलं. खरं तर या सगळ्या खर्चात सर्वात स्वस्त वस्तू मासाच होती. कार्यालयांत नेमका तिथेच घोटाळा होतो: जी वस्तू स्वस्त तिचीच खरेदी होते, आणि तिला जगवणाऱ्या वस्तू राहून जातात.

फेब्रुवारीच्या मध्यावर मुलगी आणि शिपाईकाका मासा आणायला गेले. मी सांगितलं होतं की रंगावर जाऊ नका. पेल्याजवळ बोट नेलं की वळून पाहतो का, पर पसरलेले आहेत की अंगाला चिकटलेले, अंगावर मिठासारखे पांढरे कण आहेत का, पोट खपाटीला गेलंय किंवा फुगलंय का, हे पाहा. दुकानदाराला एक दाणा टाकायला सांगा आणि तो खातो का ते पाहा. शक्यतो आखूड परांचा, प्लाकाट म्हणतात तो घ्या. लांब झुलत्या परांचा दिसायला राजबिंडा असतो, पण ते ओझं ओढत पोहताना दमतो आणि पर फाटतात. त्यांनी विटकरी रंगाचा, मध्यम चणीचा, दाण्यावर झडप घालणारा मासा आणला. टाकीच्या पाण्याशी तासाभरात हळूहळू जुळवून घेऊन सोडला. झाकणाला फट राहू दिली नाही, कारण फायटर उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये चार बोटं हवा ठेवली.

जबाबदारी लेखी ठरली. मुख्य ती मुलगी, दुय्यम डेनिसन बार्बवाला मुलगा. खाण्याचा प्रश्न तिने फार छान सोडवला. औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची आठवड्याची डबी आणली. दर शनिवारी प्रत्येक कप्प्यात मोजून सहा दाणे, तीन सकाळचे, तीन संध्याकाळचे. रविवारचा कप्पा रिकामा. फायटरला आठवड्यातून एक दिवस उपास मानवतो आणि कार्यालयही त्या दिवशी बंद असतं. ज्याला हौस येईल त्याने डबीतले दाणे घालावेत, पण कप्पा रिकामा दिसला तर मासा जेवलेला आहे. बाटली कुलपात गेली.

शनिवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचं: बादली फक्त त्या कामाची, साबणाचा हात न लागलेली, अँटी-क्लोरीनचे थेंब आधी पाण्यात घालायचे, केटलमधलं थोडं गरम पाणी मिसळून ऊब जुळवायची. सॅनिटायझर लावलेला हात टाकीत घालायचा नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली नव्हे, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळायचा.

एप्रिल

एप्रिलचा पहिला पंधरवडा सीएंच्या कार्यालयात बँक शाखांच्या ऑडिटचा असतो. निम्मं कार्यालय बाहेरगावी जातं. मुलगी मालेगावला होती आणि मुलगा धुळ्याला. आम्ही लिहिलेल्या कागदावर दोनच नावं होती आणि दोन्ही माणसं गावात नव्हती.

त्या गुरुवारी इमारतीच्या लिफ्टजवळ सूचना लागली: शनिवारी संध्याकाळी सर्व मजल्यांवर झुरळ आणि डासांसाठी फवारणी. ती पहिल्यांदा मावशींनी वाचली. त्यांनी शिपाईकाकांना सांगितलं, काकांनी मोठ्या सरांना. सर कामात बुडालेले. "टाकी झाकून ठेवा" म्हणाले. मावशींचं समाधान झालं नाही. त्यांनी मालेगावला फोन लावला. "ताई, शनिवारी औषध मारणार आहेत. मासा राहील का?" मुलीने मला फोन केला.

मासा राहिला नसता. अशा फवारणीत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन. माणसाचं यकृत ते झपाट्याने मोडून टाकतं. माशाला ते जमत नाही, आणि लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम औषधही त्याला मारायला पुरतं. वरून कापड टाकलं तरी एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यातच सोडतो. पंप बंद केला तर फिल्टर थांबतो. आणि फायटर स्वतः पृष्ठभागावरची हवा घेतो, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी धोका.

म्हणून शनिवारी दुपारी काका आणि मावशींनी मिळून मासा बाहेर काढला. झाकणाच्या बादलीत टाकीचंच पाणी, त्यात मासा, आणि फिल्टरचा स्पंजही त्यातच, जिवाणू जिवंत राहावेत म्हणून. काकांनी बादली रिक्षातून मुलीच्या घरी इंदिरानगरला पोहोचवली; पुढचे तीन दिवस तिच्या आईने सांभाळली. टाकी प्लास्टिकने गुंडाळून चिकटपट्टीने बंद केली. सोमवारी खिडक्या उघडून पंखे चालवले, झाकण आणि कपाट ओल्या फडक्याने दोनदा पुसलं, टाकीतलं निम्मं पाणी बदललं, पंपाला नवी नळी लावली, आणि मंगळवारी संध्याकाळी मासा परत आला. बुधवारी सकाळी तो खात होता.

ऑडिट संपल्यावर बैठक झाली. सरांनी मोठ्या मनाने सुचवलं की मावशींचं नाव कागदावर घालू, त्या रोज येतातच. या जागी मी थांबवलं. आपल्याकडे कार्यालयात कुणी कुंडी आणो, मांजर आणो, मासा आणो, हौस वरच्यांची असते आणि काम हळूहळू सर्वात कमी पगाराच्या माणसाकडे उतरतं. कुणी ठरवत नाही, तसं होत जातं. मग काही बिघडलं की ठपकाही त्याच माणसावर येतो, दसऱ्यानंतर आला तसाच. मावशींना दोन तासांचे पैसे मिळतात झाडू-पोछ्याचे. मासा सांभाळणं हे वेगळं काम आहे. ते त्यांना द्यायचं असेल तर आधी विचारायला हवं आणि त्याचे पैसे द्यायला हवेत.

विचारलं. मावशी म्हणाल्या, "पाणी बदलायचं काम मी घेणार नाही, मला पुढच्या घरी जायचं असतं. पण मी रोज सगळ्यात आधी येते. पाणी गढूळ दिसलं, वास आला, तो तळाशी पडून दिसला, तर फोन करीन." आणि त्यांची एक अट होती: टाकी साफ करा, असं यापुढे त्यांना कुणीही सांगायचं नाही. दोन्ही गोष्टी कागदावर गेल्या. सकाळच्या त्या नजरेचे दरमहा ठरावीक पैसे द्यायचं भागीदार मॅडमनी लगेच कबूल केलं. तिसरं नाव एका अकाउंटंटचं घातलं, जो ऑडिटला बाहेर जात नाही. फवारणीच्या कंत्राटदाराला कळवायचं काम काकांनी आपणहून घेतलं. कार्यालयाच्या आत आता फवारणीऐवजी झुरळांसाठी जेल लावतात.

उन्हाळा आणि पुढचं

मे महिन्यात उलटी अडचण आली. रविवारी एसी बंद, खिडक्या बंद, आणि सोमवारी सकाळी मावशींचा फोन: मासा वरवरच फिरतोय. पाणी ३२ अंशांवर गेलं होतं. हीटर नीट बंद होत होता, खोलीच तापली होती. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा विषारी भागही वाढतो. शनिवारी पडदे ओढणं, टाकीचा दिवा बंद ठेवणं, काचेच्या झाकणाऐवजी बारीक जाळी आणि तिच्यावर एक छोटा पंखा, एवढ्याने पाणी २९ च्या खाली राहिलं. बाष्पीभवन वाढलं, तेवढं पाणी रोज वरून घालावं लागलं.

दिवाळीची पाच दिवसांची सुट्टी निर्विघ्न गेली. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस न खाता सहज राहतो. सुट्टीसाठी बाजारात मिळणारे विरघळणारे खाण्याचे ठोकळे पाणी नासवतात, ते आणू दिले नाहीत. लक्ष्मीपूजनाला कार्यालय उघडतंच. पूजेला आलेल्यांनी थर्मामीटर पाहिला, दाण्यांचा एक कप्पा रिकामा केला.

एक गोष्ट मुलीने स्वतःहून विचारली: कार्यालयाला मासा नकोसा झाला तर? गोदावरीत सोडायचा नाही, एवढं तिला माहीत होतं. उजनीच्या जलाशयात कुणाच्या तरी टाकीतून आलेला सकरमाउथ कॅटफिश आज मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. नकोसा झालेला मासा पाण्यात सोडणं म्हणजे त्याला जीवदान, हा समज किती महागात पडतो ते तिथे दिसतं. कागदावर शेवटची ओळ आता अशी आहे की कार्यालयाने मासा सोडायचा ठरवला तर तो टाकी आणि हीटरसकट मुलीच्या घरी जाईल, आणि ती नाशिकमध्ये नसेल तर माझ्याकडे.

फायटर साधारण दोन ते चार वर्षं जगतो, आणि दुकानातून आला तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता. जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे. म्हणजे मासा ठीक राहिला तर मुलगी त्याच्या आधी जाईल. तिची मुदत जूनमध्ये संपते. तिची जागा घेणारी मुलगी ठरली आहे आणि तिने महिनाभर शनिवारचं पाणी तिच्यासोबत बदलायचं, आकडे स्वतः घ्यायचे, असं ठरलंय. त्यांनी एप्रिल महिना धरला होता. एप्रिलमध्ये दोघीही बँक ऑडिटला बाहेर असतील, तेव्हा मार्चचे शनिवार धरा, असं मी कळवलं आहे.